समुद्रतळावरचें हरवलेलें कुरण

खाडी म्हटली कीं सामान्यतः डोळ्यांपुढें येतो तो ओहोटीचा चिखल, खारट वास, कडेला कललेली एखादी होडी आणि गुडघाभर पाण्यांत तिसऱ्या वेंचणाऱ्या बायका. जमीन संपली आहे आणि समुद्र अजून सुरू झालेला नाहीं, अशी ही मधली जागा. आणि अशा जागेकडे पाहण्याची मनुष्याची रीत बहुधा उपेक्षेचीच असते. शहरें तींत आपलें सांडपाणी सोडतात, बंदरवाले तिचा गाळ उपसतात, आणि भराव घालून तिची जमीन करण्याचा मोह तर पुष्कळांना होतो. परंतु जीवशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर या उथळ पाण्याची योग्यता फार मोठी आहे. मासे, कोळंबी आणि शिंपल्या यांच्या कित्येक जाती आपलें बाळपण येथेंच काढतात. खाडी ओसाड पडली तर बाहेरच्या समुद्रांत जाळें टाकणारालाही त्याची झळ लागल्यावांचून राहत नाहीं.

खाडीला ही योग्यता येते ती मुख्यतः प्रकाशामुळें. भर समुद्रांत सूर्यप्रकाश तळापर्यंत पोंचत नाहीं. तेथें अन्न निर्माण करण्याचें सर्व काम पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर पडतें. उथळ खाडींत मात्र, पाणी निवळ असेल तर, प्रकाश थेट तळावर उतरतो आणि तळावरच हिरवळ उगवते. पाणी निवळ असेल तर, ही जी अट घातली, तिच्यांतच पुढील सर्व हकीकत सांठविलेली आहे. तळावरची ही हिरवळ एकदां गेली तर ती पुन्हा येते कीं नाहीं, येत नसेल तर कां येत नाहीं, आणि मनुष्याला ती परत आणतां येते काय, या तीन प्रश्नांचीं उत्तरें अमेरिकेंतील कांहीं खाड्यांवर गेलीं पांचपंचवीस वर्षें चाललेल्या संशोधनांतून मिळालीं आहेत.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व्हर्जिनिया राज्यांत चेसापीकचा प्रचंड उपसागर आणि अटलांटिक महासागर यांच्या मध्यें जमिनीची एक लांबट पट्टी दक्षिणेकडे उतरत गेली आहे. या पट्टीच्या महासागराकडील अंगाला वाळूच्या बेटांची एक रांग आहे. आणि बेटें व मुख्य भूमि यांच्यामध्यें हॉग आयलंड बे, साऊथ बे अशा अनेक उथळ खाड्या आहेत. मोठी नदी त्यांना मिळत नाहीं. बहुतेक ठिकाणीं पाण्याची खोली एक-दोन मीटरांहून अधिक नाहीं. बेटांमधील फटींतून दिवसांतून दोन वेळां समुद्र आंत येतो आणि दोन वेळां परत जातो. किनाऱ्यावरचे आणि बेटांवरचे लोक या पाण्यावरच जगत. शिंपल्या, कालवें, खेंकडे आणि हिवाळ्यांत उतरणारे पाणपक्षी हीच त्यांची शेती.

या खाड्यांच्या तळावर एके काळीं ईलग्रास नांवाच्या गवताचीं विस्तीर्ण कुरणें पसरलेलीं होतीं. ईलग्रास हें शेवाळ नव्हे. याला खरीं मुळें असतात, फुलें येतात, त्या फुलांचे पराग पाण्यावाटेंच एकीकडून दुसरीकडे जातात, आणि तांदळाच्या कणीएवढें बीं धरतें. फितीसारख्या लांब हिरव्या पात्यांच्या या दाटींत पंख्याच्या आकाराची एक शिंपली वाढे; तिला तिकडे बे-स्कॅलप म्हणतात आणि खाण्यासाठीं तिला मोठी मागणी असे. तिचीं पिलें आरंभीं पात्यांना चिकटून राहतात, त्यामुळें तळावर फिरणाऱ्या खेंकड्यांच्या तावडींत तीं सहसा सांपडत नाहींत. ब्रँट नांवाचे लहान रानहंस हिवाळ्यांत उत्तरेकडून येत, ते मुख्यतः याच गवतावर पोसले जात.

१९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर, म्हणजे अमेरिकेंत आणि युरोपांतही, या गवतावर एक भयंकर रोग पडला. पात्यांवर काळपट डाग पडत, ते पसरत, आणि पातें कुजून गळून जाई. लॅबिरिंथुला वर्गांतील एक सूक्ष्म जीव हें त्याचें कारण असल्याचें पुढें १९८० नंतरच्या दशकांत प्रयोगानें सिद्ध झालें. परंतु त्या काळीं लोकांना एवढेंच दिसलें कीं, कुरणें विरळ होत चाललीं आहेत. रोगानें आधींच जर्जर झालेल्या या कुरणांवर १९३३ च्या ऑगस्ट महिन्यांत एक मोठें चक्रीवादळ कोसळलें. त्यानंतर व्हर्जिनियाच्या या खाड्यांत ईलग्रास म्हणून उरलें नाहीं.

परिणाम लागलीच दिसूं लागले. आश्रय गेल्यामुळें शिंपल्या नाहींशा झाल्या आणि त्यांच्यावर चालणारा धंदा बंद पडला. ब्रँट पक्ष्यांची संख्या एकाएकीं घटली. जे उरले त्यांनीं निकृष्ट शेवाळावर दिवस काढले. लॉटिया आल्व्हियस नांवाचा एक चिमुकला कवचधारी प्राणी ईलग्रासच्या पात्यांवरच आयुष्य काढीत असे; तो तर अटलांटिकमधून कायमचा नष्ट झाला. हॉग बेटावर ब्रॉडवॉटर नांवाचें एक नांदतें गांव होतें. वादळाचा तडाखा आणि सरकत येणारा समुद्र यांच्यापुढें तेथील लोकांनीं हात टेकले आणि त्या दशकांत गांव उठलें. कित्येकांनीं आपलीं लांकडी घरें तराफ्यांवर चढवून मुख्य भूमीवर नेलीं. जेथें गांव होतें ती जागा आज पाण्याखालीं आहे.

पुढें साठांहून अधिक वर्षें या खाड्यांचा तळ उघडाच राहिला. आश्चर्य असें कीं, जमिनीच्या त्याच पट्टीच्या पलीकडे, चेसापीक उपसागरांत, रोगाचा जोर ओसरल्यावर गवत बऱ्याच अंशीं पुन्हा वाढलें. मग महासागराकडील खाड्यांनींच काय अपराध केला होता? येथील पाणी किंवा माती गवताला प्रतिकूल झाली असावी, अशी समजूत होणें स्वाभाविक होतें. परंतु १९९७ सालीं साऊथ बेमध्यें ईलग्रासचे कांहीं लहान ताटवे वाढत असलेले आढळले. कोठून तरी आलेलें थोडेंसें बीं तेथें रुजलें होतें, आणि नुसतें रुजलें नव्हतें तर चांगलें फोफावत होतें. यावरून संशोधकांच्या मनांत दुसरीच शंका आली. खाडी नापीक झालेली नसून तिला केवळ बीं मिळालेलें नसेल काय?

या शंकेला एका प्रयोगाचा आधार होता. व्हर्जिनियाच्या सागरविज्ञान संस्थेंतील रॉबर्ट ऑर्थ आणि त्यांचे सहकारी यांनीं ईलग्रासचें बीं पाण्यांत टाकून तें किती दूर जातें हें पूर्वींच तपासलें होतें. बीं पाण्यापेक्षां जड असतें. तें तळाशीं जातें आणि पडल्या जागेपासून कांहीं मीटरांच्या आंतच रुजतें. बियांनीं लादलेली एखादी फांदी तुटून वाहत गेली तरच तें दूरवर जाऊं शकतें. याचा अर्थ असा कीं, जवळपास कुरण असेल तर नवें कुरण होतें. आणि सर्वच कुरणें गेलीं म्हणजे, जागा कितीही अनुकूल असली तरी, ती रिकामीच राहते.

या विचारानें १९९९ पासून पेरणीला आरंभ झाला. वसंताच्या अखेरीस चेसापीकमधील कुरणांतून बीं धरलेल्या फांद्या खुडून आणावयाच्या, वाहत्या समुद्रपाण्याच्या टांक्यांत त्या ठेवावयाच्या, बीं पिकून गळलें म्हणजे तें चाळून वेगळें करावयाचें, आणि शरद् ऋतूंत होडींतून तें हातानें फेंकावयाचें, अशी ही पद्धति. शेतकऱ्याच्या पेरणीहून ती फारशी निराळी नाहीं. २०१८ पर्यंत सात कोटींहून अधिक बिया अशा रीतीनें पेरण्यांत आल्या. प्रत्यक्ष पेरलेलें क्षेत्र होतें २१३ हेक्टर. परंतु त्या बियांपासून झालेल्या कुरणांनीं आपलें बीं आपणच पसरविलें आणि एकंदर गवताखालचें क्षेत्र ३,६१२ हेक्टरांवर गेलें. म्हणजे मनुष्यानें पेरलें त्याच्या सोळा-सतरा पट खाडीनें स्वतः वाढविलें. त्या कुरणांत मासे वाढले, पाणी निवळलें, तळाच्या मातींत कर्ब सांठूं लागला, आणि मुद्दाम निपजविलेल्या बे-स्कॅलप शिंपल्या पुन्हा तेथें सोडतां आल्या.

पेरणी यशस्वी झाली तरी एक प्रश्न उरतोच. कांहीं जागीं गवत धरतें आणि थोड्याच अंतरावर, तितक्याच चांगल्या दिसणाऱ्या पाण्यांत, धरत नाहीं, हें कां? येथें निरीक्षणाच्या जोडीला गणित आलें. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पुढाकारानें १९८७ पासून या किनाऱ्यावर दीर्घकालीन निरीक्षणाचें काम चाललेलें आहे. वारा, लाटा, भरतीची उंची, पाण्याचा गढूळपणा, गवताची दाटी यांचीं टिपणें तेथें वर्षानुवर्षें घेतलीं जातात. त्यांच्या आधारें जोएल कार, पाओलो दोडोरिको, कॅरेन मॅकग्लॅथरी आणि पॅट्रिशिया वायबर्ग यांनीं खाडीची एक गणिती प्रतिकृति तयार केली आणि ती २०१० सालीं प्रसिद्ध केली.

गणिती प्रतिकृति म्हणजे वस्तुतः जमाखर्चाची वही. गृहिणी ज्याप्रमाणें महिन्याचें उत्पन्न आणि खर्च मांडून शिल्लक काढते, त्याप्रमाणें खाडीच्या वहींत प्रकाश, चिखल आणि गवत यांचीं खातीं मांडलेलीं असतात. वारा सुटला कीं लाटा उठतात. उथळ पाण्यांत लाटेचा जोर तळापर्यंत पोंचतो आणि चिखल वर उसळतो. चिखल उसळला कीं प्रकाश अडतो. प्रकाश अडला कीं गवताची वाढ खुंटते. हें झालें एक खातें. उलट, तळावर दाट गवत असेल तर पात्यांच्या अडथळ्यानें पाण्याचा वेग मंदावतो. चिखल उसळत नाहीं, उसळलेला खालीं बसतो. पाणी निवळतें, प्रकाश वाढतो, आणि गवत अधिकच दाटतें. हें दुसरें. या प्रत्येक गोष्टीला मोजून आंकडा द्यावयाचा, आणि एका तासानंतर दुसऱ्या तासाचा, एका ऋतूनंतर दुसऱ्या ऋतूचा हिशेब करीत जावयाचें. हें काम हातानें होणारें नव्हे. तें संगणकाकडून करून घ्यावें लागतें.

या हिशेबांतून जें निघालें तें विचार करण्यासारखें आहे. पाणी अगदींच उथळ असेल तर ओहोटीला गवत उघडें पडतें आणि ऊन त्याला सोसत नाहीं. पाणी फार खोल असेल तर प्रकाश पुरत नाहीं. या दोहोंच्या मध्यें गवताला योग्य असा पट्टा आहे. तेथें बीं पडलें कीं कुरण होणारच. परंतु या पट्ट्याच्या खोल कडेला एक चमत्कारिक प्रदेश आहे. तेथें एकाच खोलीवर, एकाच वाऱ्यांत, खाडी दोन निरनिराळ्या स्थितींत स्थिर राहूं शकते. गवत आधींच दाट असेल तर तें पाणी निवळ ठेवतें आणि म्हणून टिकतें. गवत नसेल तर चिखल उसळत राहतो आणि म्हणून तें उगवूंच शकत नाहीं. दोन्ही स्थिति आपापलें आसन बळकट करणाऱ्या. अशा जागीं मूठभर बीं टाकून कांहीं साधत नाहीं. आणि उलटपक्षीं, तेथलें कुरण एका वादळानें गेलें तर वादळ शमल्यावर तें आपोआप परत येईल अशी आशा करणें व्यर्थ होय.

व्हर्जिनियाच्या कोड्याचा उलगडा येथें होतो. योग्य पट्ट्यांत बीं नव्हतें म्हणून गवत नव्हतें. आणि कडेच्या प्रदेशांत बीं पडलें असतें तरी तें सहजासहजीं तगलें नसतें. बाहेरून पाहणाराला दोन्ही ठिकाणीं सारखाच उघडा चिखल दिसतो; परंतु एकीकडे उणीव बियांची आहे आणि दुसरीकडे प्रकाशाची. उणीव वेगळी, म्हणून उपायही वेगळा. हा भेद डोळ्यांना दिसत नाहीं. हिशेब मांडल्यावरच दिसतो.

तथापि वहींतील आंकडे म्हणजे खाडी नव्हे, हें संशोधकही विसरत नाहींत. ईलग्रास हें थंड पाण्याचें गवत आहे. पाण्याची उष्णता तीस अंश सेल्सियसच्या आसपास पोंचली कीं त्याचा जीव कासावीस होतो. २०१५ च्या उन्हाळ्यांत साऊथ बेचें पाणी असेंच तापलें आणि नव्यानें उभारलेल्या कुरणाच्या कांहीं भागांत गवत जवळजवळ नाहींसें झालें. सुदैवानें सभोंवार बीं देणारें कुरण शिल्लक होतें, आणि जागा योग्य खोलीची होती. तीन-चार वर्षांत तें भरून आलें. परंतु समुद्र तापत चालला आहे, आणि अशा उष्णतेच्या लाटा एकामागून एक येऊं लागल्या तर मध्यंतरीं सांवरण्याला पुरेसा अवधि मिळेल काय, हा प्रश्न आतां त्या वहींतील मुख्य प्रश्न होऊन बसला आहे.

सर्वच खाड्यांची उणीव बियांची नसते, हें दाखविण्यास फ्लॉरिडांतील टँपा उपसागराचें उदाहरण पुरेसें आहे. १९५० ते १९८२ या काळांत तेथील सुमारें निम्मी समुद्री कुरणें नष्ट झालीं. तेथें ना रोग, ना वादळ. मुख्य कारण शहरांचें सांडपाणी. त्यांतील नायट्रोजन हें पाण्यांतील सूक्ष्म वनस्पतींचें खतच. त्या इतक्या माजल्या कीं पाणी हिरवट गढूळ झालें आणि तळाशीं अंधार पडला. तेथील शास्त्रज्ञांनीं हिशेब उलट बाजूनें मांडला. तळावरच्या गवताला पृष्ठभागावरील प्रकाशाच्या सुमारें एक पंचमांश प्रकाश लागतो. मग पाणी किती निवळ असावें, त्यासाठीं सूक्ष्म वनस्पति किती कमी असाव्या, आणि त्यासाठीं वर्षाकांठीं किती नायट्रोजन येऊं द्यावा, अशी पायरीपायरीनें मर्यादा ठरविण्यांत आली. सांडपाणी शुद्ध करून सोडण्यांत येऊं लागलें, आणि १९८२ मध्यें २२,००० एकरांहून कमी उरलेलें गवत २०१६ सालीं ४१,००० एकरांवर गेलें. परंतु पुढें तें पुन्हा घटलें आणि २०२२ पर्यंत तीस हजार एकरांच्या आसपास आलें. खाडी एकदां सुधारली म्हणजे कायमची सुधारली, असें नाहीं. जमाखर्च दरवर्षींच पाहावा लागतो.

परक्या खाडीचें गणित आपल्या खाडीला जसेंच्या तसें लावण्यांतही अर्थ नाहीं. गोव्याच्या मांडवी आणि झुआरी या नद्यांचीं मुखें याची साक्ष देतात. त्याही उथळच, सरासरी खोली पांचएक मीटर. दोना पावल येथील, १९६६ सालीं स्थापन झालेल्या, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें त्यांचा दीर्घ अभ्यास केला आहे. भरतीची लाट या नद्यांत आंत शिरली कीं सुमारें चाळीस किलोमीटरपर्यंत तिची उंची फारशी घटत नाहीं, असें मोजमापांत आढळलें. आणि गणिती प्रतिकृतीनें त्याचें कारण दाखविलें. पात्र अरुंद होत जाते त्यामुळें लाट चढूं पाहते, तळाच्या घर्षणामुळें ती उतरूं पाहते, आणि दोहोंचा मेळ बसतो. परंतु व्हर्जिनियाच्या वहींत ज्याला खातेंच नाहीं असा एक मोठा आंकडा येथें आहे, तो पावसाचा. वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. नद्या लाल गढूळ पाणी घेऊन येतात आणि खाडीचें सर्व जीवनच पालटतें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, कोरड्या ऋतूंत या खाड्या खातात त्याहून अधिक अन्न पिकवितात, आणि पावसाळ्यांत पिकवितात त्याहून अधिक खातात. तो तुटवडा डोंगरावरून वाहून आलेल्या पालापाचोळ्यानें व मातीनें भरून निघतो. ज्यानें केवळ जानेवारींतील पाणी तपासलें त्याला जुलैची खाडी कळली असें म्हणतां येणार नाहीं.

कोंकणच्या किनाऱ्यावरील कोणत्याही खाडीविषयीं उद्यां कांहीं करावयाचें म्हटलें, मग तें कांदळवन लावणें असो, गाळ काढणें असो, कीं सांडपाण्याची व्यवस्था असो, पहिला प्रश्न हाच राहील कीं, या खाडीला नेमकी उणीव कशाची आहे. बियांची, प्रकाशाची, गोड्या पाण्याची, कीं नुसत्या विसाव्याची? त्याचें उत्तर एका पाहणींत मिळत नाहीं. त्यासाठीं वर्षानुवर्षें, ऋतूमागून ऋतु, कंटाळा न करतां टिपणें ठेवावीं लागतात, आणि त्या टिपणांचा हिशेब मांडणारे लोक लागतात. व्हर्जिनियाच्या कोळ्यांच्या दोन पिढ्यांनीं उघडा चिखल पाहिला आणि तोच खाडीचा स्वभाव मानला. त्या चिखलाखालीं कुरणाची जागा शाबूत होती. ती ओळखण्याला साठांहून अधिक वर्षें लागलीं. इतर खाड्यांच्या बाबतींत इतका उशीर होऊं नये, एवढें त्या संशोधनापासून घेण्यासारखें आहे.